तुम्ही नुसते बसा

आमच्याकडं माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला बसवायचं. पाहुणा दारात आला की आधी खुर्ची पुसायची, मग पाण्याचं बघायचं. पोरगा कमावता झाला की बापाला म्हणायचं, आता तुम्ही बसून खा. साठी गाठलेला माणूस शेतात खुरपं घेऊन दिसला तर लोक त्याला काही बोलत नाहीत, त्याच्या घरच्यांना बोलतात. बायको कसली नि पोरं कसली, म्हाताऱ्याला अजून राबवून घेतायत. या बोलण्याची मला फार धास्ती. आणि त्या धास्तीपायी, मान देऊन देऊन, मी माझ्या नवऱ्याची वाट लावली. हे मी कुणापाशी बोलत नाही, कारण बोलले की सगळे मलाच समजावायला लागतात, तुझ्याइतकं कोण करतंय, असं म्हणतात. केलं, अहो, तेच तर चुकलं.

आमचं गाव अवसरी खुर्दवरून लोणीकडं जाताना मधे लागतं. मी अंगणवाडीत सेविका, तीस वर्षं होत आली. सकाळी पोरं जमली की पहिला अर्धा तास नुसता धिंगाणा. हात वर, हात खाली, बेडूकउड्या, एका पायावर उभं राहा, वाकून अंगठा धरा. पोषण आहारावर, रक्त कमी असण्यावर मी बायांना भाषणं देते. कुणाचं वजन भरत नाही, कुणाला धाप लागते, सगळं माझ्या वहीत. इतकी शहाणी मी.

आमचे हे तेव्हा दिवसभरात एका जागी म्हणून नसायचे. उठले की गोठा, शेण भरायचं, धारा काढायच्या, वैरण डोक्यावर आणायची. मग विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची. विहीर म्हणजे घरापासून चांगलं अर्ध्या मैलावर, तेही मधे ओढा. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, त्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. ते करायला माणूस शंभर वेळा वाकतो, खोऱ्यानं माती ओढतो, बांधावरून उडी मारतो, चिखलात रुतलेला पाय उपसून काढतो. दुपारी आंब्यावर चढून फांदी छाटायची, नाहीतर कांद्याची गोणी पाठीवर घेऊन साठवणीच्या बराखीत टाकायची. पोटऱ्या तर अशा टणक की धाकट्या वयात मी चेष्टेनं म्हणायची, दगडावर धोतर गुंडाळलंय. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडात कधी आला नाही. व्यायाम म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं बूट घालून रस्त्यानं पळतात ते.

मग सुख आलं. एकदम नाही आलं, हप्त्याहप्त्यानं आलं. आधी ठिबक बसलं, म्हणजे दारं धरणं संपलं. बैल विकले आणि नांगरटीला ट्रॅक्टर सांगायला लागलो. माझे गुडघे दुखायला लागले म्हणून गाई काढल्या. पोरगा चाकणला कंपनीत लागला आणि त्यानं विहिरीवर मोबाइलचा स्टार्टर बसवून दिला. आता तो जेवणाच्या सुट्टीत तिकडं बटण दाबतो आणि इकडं आमची मोटर चालू होते. ह्यांच्याकडं काम काय उरलं, तर ओट्यावरून बघून पोराला फोनवर सांगायचं, आलं रे पाणी. गावात मी मिरवून सांगायचे, आमच्या पोरानं बापाचे हेलपाटे वाचवले.

चार वर्षांपूर्वी सकाळी चहा पिता पिता त्यांना घाम सुटला. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाले, जबड्यापर्यंत दुखतंय. स्वतःच निदान केलं, पित्त झालंय म्हणून, आणि सोडा आणायला सांगितला. मी अंगणवाडीवाली असल्यामुळं एवढं तरी ओळखलं की हे पित्त नव्हे. शेजाऱ्याच्या गाडीत घालून आधी मंचर, तिथून पुणे. नस चोंदली होती. स्प्रिंग बसवली आणि माणूस वाचला. त्या दिवशी मी देवाला जे काय कबूल केलं ते सगळं नंतर फेडलं.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. पंधरा दिवस आराम, मग हळूहळू चालायला लावा, मग रोजची हलकी कामं सुरू करा. हे आज मला अक्षर न् अक्षर आठवतं. तेव्हा मला त्यातला एकच शब्द ऐकू आला, आराम. आता आमच्याकडचा आराम कसा, ते सांगते. आजारी माणसाला बघायला गेलं की आम्ही बरं वाटतंय का असं विचारत नाही. आम्ही विचारतो, आराम पडला का. म्हणजे बरं होणं हाच आराम आणि पडून राहणं हाही आराम. मी दोन्हींची सांगड घातली. जितका जास्त आराम करतील तितका जास्त आराम पडेल, असा सरळ हिशेब माझ्या डोक्यात बसला. पंधरा दिवस हा शब्द दवाखान्यातच राहिला.

बघायला येणाऱ्यांनी त्यात भर घातली. रोज कुणीतरी शहाळं नाहीतर बिस्किटं घेऊन यायचं आणि जाताना बजावून जायचं, आता कायबी करायचं न्हाई भाऊ, नुसतं बसायचं. मी पडवीत कॉट टाकली, टीव्ही तिकडं सरकवला. पाण्याचा तांब्या हातात द्यायची. हात धुवायला ताट तिथंच. चपला घालायला वाकायला लागू नये म्हणून मी पायात सरकवून द्यायची. अंघोळीचं पाणी मी ओतायची, पाठ मी चोळायची. सहा महिन्यांनी म्हणाल तर तेच, वर्षानं म्हणाल तर तेच. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नशीबवान हाय माणूस. ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

त्यांना ते सुख सोसत नव्हतं. एके दिवशी मी अंगणवाडीतून आले तर हे पाण्याच्या टाकीमागं, हातात खोरं. गटाराची माती ओढत होते, अंगाला थोडा घाम आला होता आणि तोंडावर असा टवटवीतपणा होता की वर्षभरात मी बघितला नव्हता. शेजारची माणसं कुंपणापलीकडून बघत होती. माझं टाळकंच फिरलं. मी जाऊन खोरं हिसकावून घेतलं आणि लोकांदेखत ओरडले, "मला बोल लावायचाय का गावाकडनं? तुम्ही नुसते बसा."

 त्यांनी हात धुतले आणि ते कॉटवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी खोऱ्याला हात लावला नाही. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

दुसऱ्या वर्षी त्यांना ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. मी म्हटलं वय झालं. संध्याकाळी पाय सुजायला लागले, मी म्हटलं पाय लोंबकळत ठेवून बसतात म्हणून. तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा एकदा पायाला तेल लावताना माझ्या हाताला लागलं की त्या पोटऱ्या राहिल्या नाहीत. कातडी होती, आत काही नव्हतं. त्या दिवशी मी घाबरले आणि मंचरला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. वयानं माझ्या सुनेएवढी, पण खमकी.

तिनं इको काढला, बाहेरच्या बोळात ह्यांना एक फेरी मारायला लावली. अर्ध्यात थांबून यांनी भिंत धरली. मग तिनं मला विचारलं, दिवसभर करतात काय हे. मी छाती पुढं काढून सांगितलं, काही करू देत नाही मी त्यांना, पाण्याचा तांब्यासुद्धा मी देते. तिनं पेन खाली ठेवलं. काकू, म्हणाली, तुम्ही यांना आजारी ठेवलंय.

मग तिनं जे सांगितलं ते मी अंगणवाडीत शंभर वेळा सांगू शकले असते, इतकं साधं होतं. हृदय एकटं रक्त फिरवत नाही. माणूस चालतो तेव्हा पोटऱ्या आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, तेवढा हृदयाचा भार हलका होतो. पोटऱ्या बसून राहिल्या की रक्त खाली साचतं आणि वरच्या पंपाला ते एकट्यानं ओढायला लागतं. शिवाय नुसतं चालणंही पुरत नाही म्हणाली. वाकणं, हात वर नेणं, पायरी चढणं, हलकं ओझं उचलणं, तोल सांभाळणं, सगळं थोडं थोडं हवं. रोज एकाच जागची माती खणली तर बाकीचं रान पडीकच राहतं ना, असं तिनं ह्यांना विचारलं तेव्हा हे बऱ्याच दिवसांनी हसले. यांनी आयुष्यभर जे केलं तेच औषध होतं, असंही ती म्हणाली. पंपाची ताकद कमी झालीय, पण आहे ती टिकवता येईल. तीन महिने आहेत हातात. तीन महिन्यांत हे रोज हिंडतेफिरते झाले पाहिजेत, नाहीतर मग... पुढचं तिनं सांगितलं नाही.

उठताना तिनं सांगितलं, पहाटे फिरा, उजाडायच्या आधी, रस्त्याला गर्दी नसते. मी म्हटलं, मॅडम, उजाडायच्या आधी आमच्या उसातनं दुसरंच कुणीतरी फिरतं. ती हसली. मी काही गंमत केली नव्हती. आमच्या वस्तीवरचं कुत्रं आठवड्यापूर्वीच बिबट्यानं नेलं होतं, आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय घराबाहेर कुणी पाऊल टाकत नव्हतं.

म्हणून ठरवलं, नऊ वाजता निघायचं आणि अर्ध्या मैलावरच्या कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. पहिल्या दिवशी मी रजा टाकून दारात उभी राहिले. हे गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. मला काय आनंद झाला. म्हटलं, बघा, ठरवलं तर माणूस काय करू शकतो, डॉक्टरीण उगाच घाबरवते. दुसऱ्या दिवशी बारा मिनिटांत आले. मी पोराला फोन करून सांगितलं, बाप पळायला लागला.

चौथ्या दिवशी मला कळलं. घरापुढच्या वळणाआड झाले की कुणीतरी गाडी थांबवायचं. आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायची रीतच आहे, कुठं निघालात. आणि त्याला उत्तर लागतं. डेअरीवर, सोसायटीत, घोडेगावला कचेरीत, कुठंतरी. नुसता चालायला निघालोय हे उत्तर होत नाही. चालायला? कुठं चालायला? मग हसतात, आणि म्हणतात, बसा मागं, सोडतो. त्यातून आजारी माणूस उन्हात पायी चाललाय म्हटल्यावर तर गाडी न थांबवणं म्हणजे माणुसकी नाही. नको म्हणावं तर त्याला वाटतं ह्यांच्या मनात काही किंतु आहे, बांधाचं काही जुनं धरून बसलेत. म्हणून हे बसायचे. एक जण पुलावर सोडायचा, दुसरा तिथून उचलून परत वळणावर आणून द्यायचा. गावानं इतकी माया केली की माझ्या नवऱ्याचं पाऊल जमिनीला लागू दिलं नाही.

मी डोकं चालवलं. म्हटलं, हातात किटली घ्या, कुणी विचारलं तर सांगा डेअरीवर चाललोय, रोजचंच आहे, सवय आहे. त्यांना पटलं नाही, पण माझ्यापुढं बोलायची सवय मोडली होती, त्यामुळं रिकामी किटली घेऊन निघाले. माझ्या अकलेला काय म्हणावं. आमच्या गाई काढल्या हे सगळ्या गावाला माहीत. चार दिवसांत घरोघर झालं की दुखण्यानं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, गाई नसताना दूध घालायला जातात. एका भल्या माणसानं तर किटली हातातून काढून घेतली, खांद्यावर हात टाकून घरापर्यंत आणलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, वैनी, ध्यान ठेवा.

हे सगळं त्यांनी ऐकलं. किटली चुलीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "मी आता बाहेर न्हाई जायचा." त्यात राग नव्हता. लाज होती, आणि लाजेवर औषध मला माहीत नव्हतं.

तरी अंगण होतं. दोन वेळा मी त्यांना अंगणात उभं केलं, समोर स्वतः उभी राहिले आणि म्हटलं, मी करते तसं करा. हात वर नेले, हात खाली आणले. त्यांनी एकदा केलं. पलीकडून माझी जाऊ भांडी घासायची थांबून बघत होती. हे मला म्हणाले, मी काय अंगणवाडीतलं पोर हाय का. आणि मी, जी रोज पंचवीस पोरांपुढं बेडकासारखी उड्या मारते, ती मी जावेच्या नजरेनं शरमून आत निघून गेले. आज वाटतं, बघू द्यायचं होतं तिला. गावाला गोळा करायचं होतं. निर्लज्ज व्हायला हवं होतं मी, आणि नेमकी तेव्हाच मला अब्रू आठवली. उद्यापासून करू म्हणत म्हणत तीन महिने कधी सरले कळलं नाही.

पुढचा इको झाला तेव्हा डॉक्टरीणबाई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. कागद उलटसुलट केला, पाणी कमी करायच्या गोळ्या वाढवल्या, मिठाचं सांगितलं. मी विचारलं, आता चालवू का रोज, मी स्वतः बरोबर जाईन, रस्त्यात कुणाला गाडी थांबवू देणार नाही. ती म्हणाली, काकू, आता जेवढं झेपेल तेवढंच, जबरदस्ती करू नका. गेली ती ताकद परत आणता येईल असं मला वाटत नाही. ह्यांच्यासमोरच म्हणाली. हे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

त्याला आता वर्ष होईल. कॉटपासून मोरीपर्यंत सहा पावलं आहेत, त्यात दोनदा थांबतात. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. रात्री आडवं झालं की गुदमरतं म्हणून बसूनच झोपतात. पोरगा सुट्टीला आला की बापाच्या समोर फार वेळ थांबत नाही, मोटरचं काहीतरी बघायला जातो. मी सगळं करते, आधीसारखंच. फक्त आता करताना मला कळतं की मी काय करतेय, आणि दुसरं काही करता येत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी मी त्यांना भात कालवून देत होते. दोन घास घेतले आणि ताट बाजूला सारलं. मला वाटलं मळमळतंय. तर म्हणाले, "तुला येक सांगू का? टाकीमागं माती वढत व्हतो त्या दिशी मला लई बरं वाटत व्हतं. तुला सांगनारच व्हतो."

मी सारलेलं ताट हातात घेतलं. 

"तू माझं समदं केलंस," ते म्हणाले, "पर पयली तीन वर्षं मला येकदाबी ऊठ म्हनली न्हाईस."

इतकंच बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. रडूही येईना, कारण रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं. मी ताट खाली ठेवलं, हात पुसले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "उठा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन्ही तळवे कॉटच्या कडेला टेकवले, मान पुढं काढली आणि जोर लावला. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. बूड विताएवढं उचललं गेलं असेल, तेवढ्यात ते परत खाली बसले. मी पुढं झाले तर हातानंच नको म्हणाले. बराच वेळ नुसता दम घेत राहिले.

"आता व्हय?" म्हणाले.

मी त्यांचे पाय उचलून कॉटवर ठेवले आणि खाली उशी सरकवली.